अक्कांनी विकलेला समुद्र

माहितीपत्रक पालकांसमोर उघडताना अक्का शेवटच्या पानावर, खर्चाच्या तक्त्यावर, अलगद तळहात ठेवायच्या. "आधी समुद्र तर बघा," म्हणायच्या. आणि माणसं खरंच समुद्र बघत बसायची.

जळगावात आमची छोटी कचेरी होती. कोकण किनाऱ्यावरच्या एका खासगी विद्यापीठाला इकडची मुलं मिळवून द्यायची, एवढंच काम. अशा एखाद्या कचेरीत तुम्हीही कधी मुलाला घेऊन बसला असाल. फोन मी घ्यायचो, बोलायच्या अक्का. नवरा गेल्यावर त्यांनी ही नोकरी धरली होती. वरणगावहून रोज यायच्या. समोरच्याची बोली पहिल्या दोन वाक्यांतच उचलायच्या, त्यामुळे पालकांना त्या आपल्याच गावच्या वाटत.

"खिडकीतून लाटा दिसतात हो. पोरांना झोप कशी लागते म्हणता!" असं म्हणून त्या लाटेचा आवाजही काढून दाखवायच्या.

एकदा मी विचारलं, "अक्का, तुम्ही कधी गेला होतात तिकडे?"

"मी? मी माहेरी मलकापूरला जाते, तेवढाच माझा प्रवास."

त्या हसल्या. मीही हसलो.

धुळ्याकडच्या एका खेड्यातले शिंपीकाम करणारे भाऊ मुलीला घेऊन आले, तेव्हाही असंच झालं. भाऊंनी माहितीपत्रक हातात धरून पुन्हा पुन्हा पाहिलं. शेवटी एवढंच विचारलं, "अक्का, बठ्ठं शे ना तठे? पोरले तरास व्हवाले नको."

"शे ना, भाऊ. बठ्ठं शे." सगळं आहे, असं अक्कांनी त्यांच्याच अहिराणीत सांगितलं, आणि मुलीचा प्रवेश झाला.

दिवाळीच्या सुट्टीत ती मुलगी एकटीच कचेरीत आली. अंगावर बापाने शिवलेला ड्रेस होता, पण तो आता सैल झाला होता. वसतिगृह बांधून झालंच नव्हतं. मुलींना गावात भाड्याच्या खोल्यांत दाटीवाटीने ठेवलं होतं. बसचे पैसे वेगळे, प्रयोगशाळेचे वेगळे, मेसचे वेगळे. म्हणून तिने रात्रीचं जेवण बंद केलं होतं. नळाला खारट पाणी येत होतं.

आता ही भांडणार, असं मला वाटलं. तिने अक्कांचा हात धरला.

"अक्का, बाबांना यातलं काही सांगू नका. ते गावभर सांगतात, माझ्या पोरीच्या खोलीतून समुद्र दिसतो. तुम्हाला कुठे भेटले, तर तुम्हीही तसंच सांगा."

त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. दुपारी आलेल्या पालकांना मीच बसवून घेतलं.

सुट्टी संपल्यावर मुलगी परत निघाली, तेव्हा अक्काही रजा घेऊन तिच्याबरोबर गेल्या. दोन रात्री तिच्या खोलीवर राहून आल्या. आल्यावर मला म्हणाल्या, "मला भाऊंच्या गावी नेशील? एकटीने जायचं धाडस नाही."

भाऊ अंगणातल्या मशीनवर बसले होते. आम्हाला पाहून त्यांनी बाज झटकून दिली. अक्का बसल्या नाहीत.

"भाऊ, मी खोटं बोलले. तिथलं काहीही मी पाहिलेलं नव्हतं." आणि मग पाहून आलेलं सगळं उभ्यानेच सांगितलं, रात्रीच्या जेवणासकट.

मी बाजेवर खाली मान घालून बसलो होतो. मशीनचा आवाज कधीच थांबला होता.

"समुद्र तरी शे का तठे?" भाऊंनी विचारलं.

"शे, भाऊ. लांब शे."

"मंग पोरनी आमले काबर नही सांगं?"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

भाऊंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. ते ओरडले असते तर आम्हाला बरं वाटलं असतं. थोड्या वेळाने त्यांनी घरात आवाज दिला, "अक्काले च्या ठेव व." तो चहा आम्हाला प्यावा लागला. इतका जड कप मी आयुष्यात उचललेला नाही.

वर्षअखेर मुलीने ते विद्यापीठ सोडलं. भरलेली फी बुडाली, वर्षही गेलं. तिने धुळ्यातल्या कॉलेजात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. अक्का तर भाऊंकडून आल्यापासून कचेरीत आल्याच नाहीत. कचेरीच्या मालकांनी त्यांच्याविषयी काहीबाही सांगितलं, आणि मी ते ऐकून घेतलं. एकदा वरणगावला गेलो, तर घराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, मलकापूरला भावाकडे गेल्या. फोन लागत नाही.

मध्यंतरी ती मुलगी धुळ्याच्या बसस्टँडवर भेटली. अक्कांचा विषय निघालाच.

"तिकडे माझ्याकडे राहिल्या ना, तेव्हा शेवटच्या संध्याकाळी मी त्यांना किनाऱ्यावर नेलं होतं," ती म्हणाली. "समुद्र पहिल्यांदाच बघत होत्या ना. मी पाण्यात उतरले, हाक मारली, पण त्या कोरड्या वाळूतच उभ्या. चपला हातात, पदर तोंडाशी. म्हटलं, या ना अक्का, पाय तरी भिजवा."

"मग?"

"म्हणाल्या, नको गं. मला त्याच्यासमोर लाज वाटते."