गोळ्याच्या खळग्यातला गाळ

केशवराव गेल्याचं मला बंदरावर कळलं, लिलाव चालू असताना. पोस्टमन आमच्या आळीतलाच. गर्दीतनं मान घालून म्हणाला, "तांडेल, तुमचे ते मासेवाले साहेब वारले म्हणे, पुण्यात." मी म्हटलं बरं, आणि पुढच्या टोपलीचा भाव बोललो. घरी येऊन जेवायला बसलो, भात समोर तसाच राहिला... तेव्हा कुठं बातमी पोचली. त्याला आता महिना झाला. त्यांच्यावर अंक काढणारे संपादक म्हणाले, तुम्ही सांगा, आम्ही लिहून घेतो. मी दुसरीत शाळा सोडलेला माणूस. पण माझं बोलणं दुसऱ्यानं नीट करावं हे मला चालत नाही. म्हणून मीच लिहितोय, चुकलं तर माझं मला चुकू दे.

मिठाच्या सत्याग्रहाच्या आधी दोन-तीन वर्षं ते आमच्या मिरकरवाडा बंदरात आले. बरोबर मद्रासकडचे दुसरे साहेब, त्यांना मराठी येत नव्हतं. घोळ मासा का कमी होत चाललाय, हे दोघांना मिळून शोधायचं होतं. मद्रासचे साहेब मासा मापत, पोट फाडून आत काय ते बघत. केशवराव समुद्राचा तळ बघत. त्यांच्याकडे शिशाचा लांबट गोळा होता, बुडाला खळगा, खळग्यात चरबी भरलेली. दोरीनं तळाला सोडायचा. चरबीला वाळू चिकटून आली तर तळ वाळूचा, गाळ आला तर गाळाचा. मला हसू यायचं. पण माणूस चिवट. मचवा हलला की ओकायचे, तोंड पुसायचे आणि पुन्हा दोरी हातात घ्यायचे. म्हणून त्यांना मी माझ्या मचव्यावर नेत होतो, मचव्याचा तांडेल मीच.

आता खरं लिहितो. घोळीची आमची एक जागा आहे. समुद्रातनं बघताना जमिनीवरच्या दोन खुणा एकीवर एक आल्या की तिथं नांगर टाकायचा. त्या खुणा घराबाहेर जाणार नाहीत, असं बापानं माझ्याकडून वदवून घेतलं होतं. इथंही लिहिणार नाही. केशवरावांनी घोळ कुठं मिळते विचारलं, तेव्हा मी त्यांना तिथून दोन कोस दक्षिणेला नेलं आणि म्हटलं, हीच जागा. गोळा सोडला. वर आली पांढरी वाळू.

दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्या जागेवरनं आणलेली घोळ फाडली, तर पोटात चिखलातली कोळंबी.

"तांडेल, ही कोळंबी वाळूत राहत नाही हो," केशवराव म्हणाले.

"मासा पोहतो, साहेब. चिखलात जेवली नि वाळूत झोपायला आली."

"रोज?"

"तिला विचारा. मी काय तिचा नवरा?"

माझा भाऊ भिकू हसून हसून खाली बसला. केशवरावही हसले. वहीत मात्र त्यांनी काही लिहिलं नाही.

पुढच्या हंगामात दोघा साहेबांचं बिनसलं. इंग्रजीत भांडत होते, मला काय कळणार. पण मद्रासचे साहेब नकाशावर पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी बोट आपटत होते, आणि ते बोट आमच्या जागेवर होतं. ते निघून गेले ते परत आले नाहीत. केशवरावांचीही बदली झाली. आगबोटीवर चढायच्या आधी मला म्हणाले, "आमचं काम एका जागेपाशी अडलं, तांडेल. सांगायचं असेल तर आज सांगा."

"सांगितलंय तेच."

त्यांनी मान हलवली, आगबोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात बसले, आणि तो बोटीला लागेपर्यंत माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

गेल्या पंधरवड्यात त्यांच्या बायकोनं पार्सल पाठवलं. आत त्यांचा छापील नकाशा आणि तो गोळा. नकाशा इंग्रजीत, शाळेच्या मास्तरांनी वाचून दाखवला. किनाऱ्यालगत सगळीकडे वाळू, गाळ, खडक लिहिलंय. मी दाखवलेली खोटी जागा घोळीची म्हणून कुठं लावलेली नाही. आणि आमच्या जागेवर रुपयाएवढं कोरं. मग मी गोळा उलटा केला. खळग्यातली चरबी वाळून पिवळी पडलेली, आणि तिच्यात निळसर काळा गाळ, तांदळाच्या कणीएवढे पांढरे शंख. हा गाळ आमच्या जागेचा. दुसरीकडे मी तो पाहिलेला नाही.

म्हणजे ते तिथं गेले होते? कोणाच्या मचव्यावर? मला सोडून दुसऱ्याच्या मचव्यावर गेले असतील तर... भिकू म्हणतो, आपल्याच नांगराला लागलेला गाळ घेतला असेल. एकदा ते नांगरापाशी उकिडवे बसलेले मी पाहिले होते खरे. पण माहीत होतं तर लिहिलं का नाही? माझ्यासाठी मित्र घालवला? मी त्यांना कधी मागितलं होतं असं? यंदा त्या जागेवरून चार वेळा रिकामा आलो. घोळ का नाही, ते सांगणारा राहिला नाही, आणि सांगू न देणारा मीच... हे मी लिहितोय आणि मला त्याचा नीट अर्थ लागत नाही.

भिकू म्हणाला, गोळा धुऊन दे, जाळ्याच्या दोरीला बांधू. मी दिला नाही. गोळा आता देवाच्या फळीवर असतो. कोणी घरी आलं की मी तो पालथा ठेवतो, गाळ दिसू नये म्हणून. माणूस गेलं की पुन्हा उताणा करतो.