उन्हावर ढकललेलं

ही गोष्ट माझ्या तोंडून कधीच बाहेर पडलेली नाही. नवऱ्यापुढे नाही, सख्ख्या बहिणीपुढेही नाही. तुम्हाला तरी कुठून सांगायला घेऊ — सुप्रियापासूनच घेते.

सुप्रिया माझी मुलगी. आम्ही पलूसचे. तिचे वडील फौजेत, तेव्हा राजस्थानात होते. घरी आम्ही दोघीच. ती पोलीस भरतीची तयारी करायची. सकाळी पळायची, कॉलेजातून आली की भर दुपारी पुन्हा ग्राऊंडवर. मुळात सावळी, त्यात ते ऊन. मला तिच्या पळण्याचं कौतुक नव्हतं का? होतं — पण तिला बघायला आलेल्या एक बाई उठता उठता म्हणाल्या, "पोरगी चांगली हाय, पर रंग लय दबलाय." त्यानंतर ते कौतुक कुठे गेलं कोण जाणे.

सांगलीत माझ्या भाचीचं ब्युटी पार्लर आहे. तिच्याकडे चेहऱ्याला लावायचं ॲसिड होतं. वरची मेलेली कातडी निघते, खालून उजळ येते, असं ती म्हणाली. बजावलंही तिने — "मावशी, झोपताना लावायचं, अगदी थोडं. आणि उन्हात अजिबात जायचं नाही." मी बाटली मागून आणली. सुप्रिया असलं काही लावून घेणार नाही, हे मला माहीत होतं. मग मी काय केलं? तिच्या रोजच्या क्रीमच्या डबीत ते ओतलं आणि काडीने ढवळलं. फरक दिसेना — तेव्हा आणखी ओतलं.

ती क्रीम लावून सुप्रिया रोज पळायला जायची. एकदा म्हणाली, "आई, तोंड चुरचुरतंय गं."

"घामानं होतं तसं," मी म्हणाले. इतकं सहज म्हणाले, की माझं मलाच खरं वाटलं.

मग गाल लाल झाले, सोलले, काळे चट्टे उठले. मिरजेला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, "चेहऱ्याला काय लावता?" सुप्रिया म्हणाली, "साधी क्रीम." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ॲसिड असलेलं काही?" तिथे बोलले असते तर? लेक शेजारीच बसली होती, तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागलेला. मी म्हणाले, "न्हाई ओ. दिवसभर उन्हात असती ती." घरी आल्यावर डबी आणि बाटली उकिरड्यात टाकली.

डॉक्टरांनी ऊन बंद केलं. वडील सुट्टीवर आले, तिचं तोंड पाहून म्हणाले, "बास झालं आता ग्राऊंड." ती रडली, भांडली. मी तिची बाजू घेईन म्हणून माझ्याकडे बघत राहिली. मी पीठ मळत होते. मळतच राहिले. त्या वर्षीची भरती गेली, मग पुढचीही. आणि खरं सांगू — मला आतून बरंच वाटलं होतं. पोरगी सावलीत राहील, चट्टे जातील, रंग खुलेल.

चट्टे गेले नाहीत. बघायला येणारे बंद झाले. शेवटी कोयनानगरला दिली, पहिली बायको वारलेल्याला. माणूस वाईट नाही. पण ती फोटो काढू देत नाही, लग्नकार्यात मागे मागे बसते. माहेरी आली की माझे पाय चेपते — मी पाय ओढून घेत नाही.

आता तिला मुलगी आहे. आईसारखीच सावळी, आणि पळायला तशीच चपळ. गेल्या मे महिन्यात दोघी आल्या होत्या. दुपारी पोर अंगणात पळाली, तशी सुप्रियाने दंडाला धरून तिला आत आणलं. "उन्हात पळू नगं. माझ्या तोंडाचं काय झालं बघ. आई, तू तरी सांग की तिला."

मी सांगितलं. "तुझी आई म्हणती ते खरं हाय, बाळा," म्हणाले. पोर दाराची कडी धरून बाहेर बघत उभी राहिली.