उष्टा घास

जाहीर निवेदन. समस्त आप्तेष्टांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, पिंप्राळ्यातल्या आमच्या घरात अडीच वर्षांच्या नातीच्या दातांवर हल्ला झाला असून हल्लेखोर तिचा सख्खा आजोबा, म्हणजे मीच आहे.

आमच्याकडे लेकराला भरवायची रीत ठरलेली. वांग्याचं भरीत हिरव्या मिरचीचं, जहाल. म्हणून घास आधी मोठ्या माणसानं तोंडात घ्यायचा, तिखट चोखून काढायचं, मग तोच लेकराला द्यायचा. मला आईनं असंच वाढवलं. हे काम मी हट्टानं मागून घेतलं होतं. डोळे फिरवत, कानांतून धूर निघाल्याचं नाटक करत मी चोखायचो. नात टाळ्या पिटायची आणि चोच उघडायची.

एका सकाळी त्या चोचीत, वरच्या चार दातांच्या मुळाशी, खडूसारखी पांढरी रेघ दिसली. दही असेल म्हणून बोटानं पुसली. गेली नाही. मी कुणाला बोललो नाही. काही दिवसांनी एका दातावरची रेघ तपकिरी झाली. मग गार पाणी प्यायली की ती ओठ दाबून गप्प बसू लागली. आमची नात, आणि गप्प!

तेव्हा सुनेनं पाहिलं.

"दुधाचे दात ते, पडणारच," पारोळ्याहून आलेली माझी अक्का म्हणाली. सुनेनं ऐकलं नाही. तिनं मला आणि नातीला रिक्षात घातलं.

"एक दात भरावा लागेल," दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तीन अजून वाचतील. पण किडक्या तोंडातले जंतू थुंकीतून पोरांच्या तोंडात जातात. वर ही झोपताना साखरेच्या दुधाची बाटली घेते म्हणता, म्हणजे त्यांची पंगतच. घरात किडके दात कुणाचे?"

सून माझ्याकडे बघेना. माझ्या दोन दाढा कित्येक वर्षं लवंगेवर तग धरून होत्या.

"नाना, आधी तुमचं तोंड नीट करू, नाहीतर हिचे तीनही जातील. आ करा," बाई म्हणाल्या.

मी खाकरलो. एखादा विनोद शोधला, सापडला नाही. शेवटी आ केला. बाईंनी दिवा खाली ओढला. मांडीवरची नात उभी राहिली, माझा ओठ धरून आत डोकावली आणि बाहेर बसलेल्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नाना, या भोकात कोण राहतं?"