शेवाळाची लगीनं लावणारी सरूबाई

सिंधीपुऱ्यातल्या बाया सरूबाईला ‘शेवाळाची लगीनं लावणारी’ म्हणत. हसण्यावारी म्हणत. हसणाऱ्यांपैकी एकीलाही ती काय बघते ते कळत नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो.

आमच्याकडं पाणी जमिनीखालच्या भुयारांतून येतं आणि मधे मधे विहिरीसारख्या कुंड्यांत पडतं. सरूबाईचा नवरा कडू भुयारात सरपटत जाऊन गाळ काढायचा. ती कुंडीच्या पायऱ्यांवरचं शेवाळ खरवडायची, बाया घागरीसकट घसरू नयेत म्हणून. खरवडलं तरी थोड्या दिवसांत दगडावर हिरवी बुरी धरायचीच. बुरीतून बारीक पानं, पानांवर केसासारखे देठ, देठावर टोपी घातलेलं बोंड. टोपी गळून बोंड उघडलं की आतली भुकटी उडायची, आणि जिथं पडेल तिथं पुन्हा बुरी. हे ध्यानात आल्यापासून ती टोप्या गळायच्या आत खरवडायची. पायऱ्या दुप्पट दिवस साफ राहायच्या.

शेवाळाच्या काही गाद्यांना मात्र देठच येत नसत. म्हणून तिनं घरी रांजणामागं दोन कवेलू, म्हणजे छपराची कौलं, ठेवली, दोन्हींवर तेच शेवाळ. एकावर रांजणाचं पाणी ठिबकायचं, दुसऱ्याखाली नुसतं ओलं फडकं. दोन वर्षं हा उद्योग. हिरवी दोन्ही राहिली. देठ आले ते ठिबकणाऱ्यावरच.

‘‘यांच्यात बी नवरा-नवरी असतात,’’ ती सांगायची. ‘‘नवऱ्याच्या शेंड्याला फुलावानी वाटी असते. तिच्यात थेंब आपटला का शिंतोडा नवरीपर्यंत जातो. पानी नाही तर वरात नाही.’’

‘‘मग अक्षता कोन टाकतं, तू?’’ शेजारची मथुराबाई विचारायची.

एकोणीसशे बाराच्या वैशाखातली गोष्ट. आमच्या कुंडीत पाणी पडायचं थांबून दोन वर्षं झाली होती, भुयार ढासळलं असं सगळे धरून होते, कोणी खाली उतरत नव्हतं. सरकारी ओवरसेर दिगंबरराव कुंडीचं तोंड बुजवायला फरशांची गाडी घेऊन आला. त्याचंही चूक नव्हतं म्हणा. मागच्या महिन्यात एक बकरी आत पडून मेली होती. पण कुंडी बुजली की आमच्या बायांना जन्मभर तापीवरून पाणी आणायचं होतं.

सरूबाई खाली उतरली, भुयाराच्या तोंडाखालची भिंत बोटानं चाचपली आणि वर आली.

‘‘साहेब, माघात इथं पानी पडलंय.’’

‘‘कोणी पाहिलं?’’

‘‘शेवाळानं. ताजे देठ हायेत, टोप्या अजून डोक्यावर; थेंब पडल्यावर तीनेक महिन्यांनी असे दिसतात. भुयार ढासळलं नाही, कुठंतरी तुंबलंय.’’

‘‘बाई, शेवाळाची साक्ष मी कागदावर कशी लिहू?’’

‘‘लिहू नका. मानूस आत जाऊ द्या.’’

‘‘कोण जाईल?’’

सगळ्यांनी कडूकडं पाहिलं. कडूनं सरूबाईकडं. ढासळलेल्या भुयारात हात लावला की उरलेलं छत अंगावर येतं, हे त्याला तिच्याहून जास्त ठाऊक होतं.

‘‘खात्री हाय?’’

‘‘हाय.’’

त्यानं कमरेला दोर बांधला, दिवा घेतला आणि भुयारात शिरला. एक झटका म्हणजे ठीक, दोन म्हणजे ओढा. दुसरं टोक सरूबाईच्या हातात. वीस हात दोर गेला. तीस. मग थांबला.

वरच्या पायरीवरून मथुराबाई म्हणाली, ‘‘सरू, शिवरातीला शिंतोडे आले होते ना गं? माझ्या कुरडया भिजल्या होत्या.’’

सरूबाईनं हिशेब केला. शिवरात्र म्हणजे माघच. ते देठ पावसाचे असले तर? मग भुयार मेलेलं, आणि तिनं आपल्या तोंडानं ‘हाय’ म्हणून माणूस त्यात घातला. दोर हलत नव्हता. ओढावं तर तो अरुंद जागी अडकायचा, छताला लागायचा. नाही ओढावं तर? तिनं दोर मुठीला गुंडाळला. कडूचा झटका आला तर कळावा म्हणून तो ताठ धरला.

‘‘ओढा आता, बाई,’’ दिगंबरराव म्हणाला.

तिनं मान वर केली. पाऊस पडला तर आधी वरच्या दगडांवर पडेल. वरचं शेवाळ काळं पडून सुकलेलं, एकालाही देठ नाही. देठ होते ते फक्त भुयाराच्या तोंडाखाली. पाणी आतूनच आलं होतं.

‘‘नाही ओढत,’’ ती म्हणाली. तिनं दोराचा आणखी एक वेढा मुठीला घेतला.

बऱ्याच वेळानं एक झटका आला, मग दोर सैल पडला. कडू पाय पुढं करत, सरपटत बाहेर आला. दिवा विझलेला, कोपरं सोललेली, आणि बाह्या ओल्या.

‘‘पिंपळाच्या मुळ्यांनी बूच मारलंय,’’ तो खोकत म्हणाला. ‘‘मागं पानी वाजतंय.’’

मुळ्या तोडायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी करंगळीएवढी धार पडली. फरशांची गाडी परत गेली. दिगंबररावानं कागदावर ‘तपासाअंती मार्ग जिवंत आढळला’ असं लिहिलं. तपास कोणाचा, ते लिहिलं नाही. शाई संपली असेल.

त्या संध्याकाळी कडू जेवला नाही. ताट सारून एवढंच म्हणाला, ‘‘पुढल्या खेपेला तू जा. दोर मी धरीन.’’

पुढल्या उन्हाळ्यात ती खरंच गेली. अंगानं बारीक होती, कडूपेक्षा पुढं पोचली आणि उरलेल्या मुळ्या कापून आली. बाहेर येऊन पाहते तर कडूच्या दोन्ही तळहातांवर दोराचे लाल वळ. दोर तर त्यानं एकदाही ओढला नव्हता.