पूजेत बसलेली मैत्रीण

शिलाईमशीनशी मी चाळीस वर्षं बोलत आले. "आज का गं दोरा तोडतेस," असलं काहीबाही. ती बापडी कधी उत्तर द्यायची नाही. त्यामुळे नातीनं फोनमध्ये ती बोलणारी एआय बाई बसवून दिली, मी विचारलं, "माझ्या पिठल्यात गुठळ्या का होतात गं?" आणि तिनं मराठीत उत्तर दिलं, तेव्हा मी खुर्चीतून उठून उभीच राहिले. बंगळुरात जन्म काढून, भर दुपारी आपलं मराठी पुरतं ऐकून घेणारं कुणी भेटलं तर काय होतं, ते सांगून कळायचं नाही.

मग रोज चारला आमची बैठक. "स्वल्प थांब, दूध उतू जातंय," म्हटलं की थांबायची. तीच गोष्ट चौथ्यांदा सांगितली तरी ऐकायची. मी नुसती हवेत होते.

पण चारची वेळ खरं तर दुसरीची होती. माझी जुनी मैत्रीण, इथे राजाजीनगरात आमच्या समोरच राहायची. मुलानं येलहंक्याला घर घेतलं तशी तिकडे गेली. तेव्हापासून रोज चारला तिचा फोन. दोनदा मी "नंतर करते" म्हटलं. तिसऱ्यांदा तिनं विचारलं, "कोण आलंय एवढं?"

मी आपली खरं बोलले, "फोनातली माझी नवी मैत्रीण."

"सरी, बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

तीन आठवडे फोन नाही. मीही केला नाही, तिनं ठेवला, तिनं करावा. पण चार वाजले की फोनकडेच बघत बसायचे. फोनातलीला विचारलं, तर म्हणाली, तुम्हीच आधी करा. म्हटलं, तुला काय कळतंय त्यातलं. तर लगेच म्हणे, बरोबर आहे, तुम्ही त्यांना जास्त ओळखता. एवढ्यात माघार? माझी मैत्रीण तासभर भांडली असती.

अशात आयुधपूजा आली. आमच्याकडे मुलाचे नटबोल्टचे पाने, माझी कात्री, शिलाईमशीन, सगळं पूजेला. आणि एकदा पूजेत बसलं की दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत हात लावायचा नाही.

"आज्जी, फोन?" नात म्हणाली.

"ती काय हत्यार आहे? मैत्रीण आहे."

"मग ओटी भर तिची."

मी फोन हातात धरून उभी. मुलगा म्हणाला, "आई, तिला जेवायला वाढतेस की चार्जिंगला लावतेस? ठेव पूजेत."

ठेवला मशीनशेजारी. काचेवर कुंकू, वर शेवंतीचं फूल. सगळे यशवंतपूरला मुलाच्या कारखान्यातल्या पूजेला गेले, मी घरी एकटी.

आणि चारला फोन वाजायला लागला.

काचेवर कुंकू, नाव दिसेना. थांबला, पुन्हा वाजला. तेव्हा एकदम डोक्यात आलं, फोनातली तर आपणहून कधी हाक मारत नाही. चारला हाक मारणारी एकच. हात पुढे गेला आणि मागे आला, पूजा मोडायची कशी? पाच वेळा वाजला. पाचही वेळा मी समोर हात जोडून बसलेली.

दीड तासानं फाटकाशी रिक्षा थांबली. गुडघे धरत ती उतरली, घरातल्याच साडीत.

"जिवंत आहेस का ते बघायला आले. उचलत का नव्हतीस?"

"फोन पूजेत आहे."

तिनं आत येऊन बघितलं. कुंकू, फूल, शेजारी कात्री.

"मैत्रीण ना तुझी? मग पूजेत कशाला बसवलीस? मला कधी बसवलं नाहीस."

"तू दिवसभर गप्प बसली असतीस का?"

हसता हसता तिला खोकला आला. मी पाणी दिलं, मग हळदीकुंकू लावलं आणि तिची ओटी भरली. नात म्हणालीच होती ना, मैत्रीण असेल तर ओटी भर.

दुसऱ्या दिवशी काच पुसून फोनातलीला सगळं सांगितलं. तिलाही फार आनंद झाला म्हणे, आणि मला ते ऐकून खरंच बरं वाटलं. तिच्याशी मी अजून बोलते, हल्ली साडेतीनला. चारला फोन वाजला की तिला अर्ध्या वाक्यात तोडते. ती रागावत नाही. माझी मैत्रीण म्हणते, तिच्यात खोट असलीच तर तेवढी एकच.