घ्याहोकाकांचं 'नको'

घ्याहोकाकांचं खरं नाव आता बहुतेक त्यांच्या लेकीलाच तेवढं आठवत असेल. उभा जन्म वाढप्याचं काम केलं. खानावळ असो की कुणाकडची जेवणावळ, भांडं हातात आलं की तोंड सुरू, "घ्या हो, घ्या हो." पाहुणा ताटावर आडवा पडला तरी त्याच्या बोटांच्या फटीतून भाजी घालण्यात काकांचा हात धरणारा कोणी नव्हता. पहिलं 'नको' लाजेचं, दुसरं रीतीचं, तिसऱ्याला बघू, असा त्यांचा हिशेब. आणि स्वतः मात्र कधी ताट पुढे करतील तर शपथ. बायको होती तोवर प्रश्नच आला नाही. ती न विचारताच वाढायची.

तर असा हा माणूस परक्या देशात, लेकीच्या सासरी, विहीणबाईंच्या टेबलाशी पहिल्यांदाच जेवायला बसला होता. पोटात कावळे ओरडत होते.

झालं होतं असं. लेक-जावई कामावरून येताना वाटेत अडकले. लेकीचा फोन आला, "बाबा, आम्हाला उशीर होईल. तुम्ही दोघं जेवून घ्या, थांबू नका." म्हणून काकांनी बाथरूममध्ये जाऊन आपलं साखरेच्या दुखण्याचं इंजेक्शन टोचून घेतलं. टोचल्यावर लगेच जेवायलाच हवं, नाहीतर चक्कर येऊन पडाल, ही डॉक्टरांची तंबी.

विहीणबाईंनी रश्श्याचं भांडं पुढे करून हसत विचारलं. काकांनी सवयीने मान हलवली, "नको, नको." बाईंच्या भाषेतले जे चार शब्द लेकीने घोकून घेतले होते, त्यांत हा सगळ्यात पक्का झाला होता. आता बाई म्हणतील, घ्या हो थोडं. बाईंनी भांडं खाली ठेवलं.

जरा वेळाने भाजलेले बटाटे विचारले. काका पुन्हा 'नको' म्हणाले, पण या वेळी अगदी मऊ आवाजात. बटाटे टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला गेले. बाईंनी आपल्यापुरतं वाढून घेतलं आणि खाली मान घालून जेवायला लागल्या.

अरे देवा, ही कसली रीत? तिसऱ्यांदा विचारलं तर काय जीभ झिजते का बाई तुमची? काकांच्या मानेवर घाम फुटला. खडीसाखर होती, पण कोटाच्या खिशात, आणि कोट बाईंनी दारातच काढून घेऊन कपाटात टांगलेला. कोट मागावा तर पाहुणा रुसून निघाला असं दिसायचं. लेकीच्या सासरी बापाने पहिल्याच दिवशी हा तमाशा करायचा? बटाटे मागावेत तर जन्मात न केलेली गोष्ट करायची, तीही विहिणीपुढे.

हात थरथरायला लागले. समोरच्या बाई दोन दोन दिसल्या. मग मात्र काकांच्या छातीत धडकी भरली. आपण इथेच आडवे झालो तर? लेक दार उघडून बघणार काय, बाप जमिनीवर आणि सासू समोर उभी. त्या बिचारीवर उगाच बोल यायचा, आणि पोरीच्या मनातली अढी जन्मभर जायची नाही.

काकांनी दोन्ही हातांनी ताट उचलून पुढे केलं. ते टेबलाच्या कडेवर खडखड वाजत होतं.

"वाढा," ते मराठीतच म्हणाले.

बाई ताडकन उठल्या. काकांचा घामेजलेला चेहरा बघून आधी त्यांनी फळांच्या रसाचा ग्लास हातात दिला, मग ताट भरलं. वाढताना त्यांचे डोळे भरून आले होते. काकांनी काटा-चमचा बाजूला सारला आणि हातानेच बटाटे तोंडात कोंबले.

लेक-जावई आले तेव्हा काका दुसऱ्यांदा घेऊन जेवत होते. बाईंनी सुनेला सगळं सांगितलं आणि लेकीने ते बापाला.

"बाबा, सकाळपासून रांधत होत्या त्या. त्यांना वाटलं, तुम्हाला त्यांच्या हातचं नकोच आहे. पण नको म्हणणाऱ्याला पुन्हा पुन्हा विचारणं त्यांच्यात बरं दिसत नाही. जीव तुटत होता त्यांचा इथे बसून."

काका ओशाळून हसले. लेक हसली नाही. ती खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली.

"रोज फोनवर मी विचारते, जेवलात का. तुम्ही 'जेवलो' म्हणता आणि मी फोन ठेवते. तेही असंच असतं का, बाबा?"

काकांनी ताटातला शेवटचा घास गोळा केला. बाईंनी मध्येच आणखी एक बटाटा वाढला, तोही न विचारता.

"कधी कधी," ते म्हणाले. "तुझी आई गेल्यापासून वाढायला कोणी नसतं ना गं."