पाच नटांवरची पांढरी खूण

मला कोण शिकवणार, अशा गुर्मीतच मी त्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये पाय ठेवला. सव्वीस वर्षं गॅरेजात हात काळे केले होते. पण मालक म्हणाले, सर्टिफिकेट आण, नाहीतर पुढच्या वर्षी काम नाही. झालं, पंचेचाळिसाव्या वर्षी वही घेऊन बाकावर बसलो. डबा हातात देताना बायको हसू दाबायची.

वर्कशॉपमध्ये माझी जोडीदार होती दोन मुलांची आई. बारा वर्षं कपड्यांच्या कारखान्यात शिवलेलं. तिला सगळे शिवणवाली म्हणायचे. "ताई, इथे दोरा नाही, ग्रीस आहे," मी चिडवायचो. "दोऱ्याने निदान नखं काळी होत नव्हती, दादा," ती म्हणायची.

चाक बसवायची रीत सरांनी घोटून घेतली होती. योग्य जोर लागला की टक् वाजणारा पाना घ्यायचा, पाचही नट आवळायचे आणि मग प्रत्येकावर पांढरा ठिपका द्यायचा. ठिपका म्हणजे आवळल्याची खूण. त्यानंतर जोडीदाराने तपासून सही करायची. मला हा पोरखेळ वाटायचा. मी आधी ठिपके उरकायचो, नट मागाहून आवळायचो.

परीक्षेला एका नर्सबाईंची गाडी होती. मी ठिपके दिले आणि नेमका मालकांचा फोन आला. बोलून येतो तर गाडी जॅकवरून खाली, कागदावर शिवणवालीची सही. ठिपके बघून मलाही वाटलं, झालंय.

दुसऱ्या दिवशी नर्सबाई हादरलेल्या आल्या. चाक रस्त्यात डुगडुगलं होतं आणि मागे त्यांची म्हातारी आई बसलेली. नशीब, काही झालं नाही. सरांनी विचारलं, "नट आवळले होते?"

"आवळले होते," मी म्हणालो. नोकरी डोळ्यांपुढे होती.

शिवणवालीने माझ्याकडे पाहिलं. "मी पाना लावला नाही, सर. दादांचे ठिपके होते, म्हणून सही केली."

"आवळलेला नटही सैल होतो. तपासतात ते त्यासाठीच," सर म्हणाले. मी पास झालो. ती नापास, तिला कोर्सचे सहा महिने परत काढावे लागले. लेकीने माझं सर्टिफिकेट फ्रेम करून आणलं. मी ते गॅरेजात लावलं आणि त्याच्याकडे पाठ करून काम करू लागलो. लाज वाटायची, दुसरं काय.

सहा महिन्यांनी मालकांनी काम तपासायला नवीन माणूस घेतला. बघतो तर शिवणवाली.

पहिल्याच चाकाला मी जपून पाना फिरवला. पाच वेळा टक् वाजलं. मग ब्रश उचलला. ती शेजारीच उभी होती.

"आता खूण शेवटी करता, दादा?" ती हळूच म्हणाली. "आधी करायची असते ती आमच्या शिवणकामात, खडूने."

माझी मान खाली गेली. "ताई, त्या दिवशी मी..."

"माहितेय," ती म्हणाली. "सरका जरा." आणि तिने पहिल्या नटाला पाना लावला.